सर्फबोर्डसाठी फोम ब्लँक कसा निवडायचा: आधी बोर्ड ठरवा, मग ब्लँक बघा

पहिला सर्फबोर्ड स्वतःच्या हाताने शेप करायचा म्हटलं की सगळे जण रंधा कुठला, सँडपेपर किती नंबरचा, रेझिन कुठलं यावर डोकं खपवतात आणि ब्लँक, म्हणजे ज्या फोममधून बोर्ड कोरून काढायचा तो, हाताला लागेल तो उचलतात. मीही तेच केलं होतं. लाँगबोर्डचा मोठा ब्लँक स्वस्तात मिळत होता, म्हटलं मोठ्यातून छोटं कधीही निघतंच की, आणि ९ फुटाच्या ब्लँकमधून ६ फुटाचा बोर्ड काढला. निघाला, दिसायलाही झकास, पण दोन महिन्यांत डेकवर, म्हणजे बोर्डच्या वरच्या बाजूवर, जिथे मागच्या पायाची टाच पडते तिथे अंगठा बसेल एवढे खळगे पडले. असं का झालं ते पुढे येतंच.

तर पहिलं काम म्हणजे दुकानात किंवा साईटवर न जाता कागद घेऊन बसायचं. बोर्डची लांबी, मधली रुंदी, मधली जाडी, नोजपासून (पुढचं टोक) १२ इंचावरची आणि टेलपासून (मागचं टोक) १२ इंचावरची रुंदी, आणि नोजला किती रॉकर, म्हणजे टोकाकडे वर वळत जाणारा बाक, आणि टेलला किती. हे आकडे नसतील तर ज्या बोर्डवर मजा येते तो उलटा ठेवा, बॉटमवर सरळ पट्टी अशी धरा की ती बरोबर मध्यावर टेकेल, आणि दोन्ही टोकांना पट्टी आणि बोर्ड यांच्यात किती फट राहते ते मोजा. शॉर्टबोर्डला (साधारण ६ फुटांच्या आसपासचा छोटा बोर्ड) नोजकडे साधारण ५ इंच आणि टेलकडे अडीच इंचाच्या आसपास येईल. हे आकडे लिहून ठेवा, ब्लँक शोधताना हेच लागणार आहेत.

आता फोम. मुख्य प्रकार दोनच, पीयू आणि ईपीएस. पीयू म्हणजे पॉलियुरेथेन, १९५० च्या दशकाच्या शेवटी कॅलिफोर्नियात होबी ऑल्टर आणि गॉर्डन क्लार्क यांनी बाल्सा लाकडाच्या जागी हा फोम आणला आणि तेव्हापासून शेपिंग म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यासमोर पीयूच येतो. रंध्याखाली छान कापला जातो, सँडपेपर मारला की पिठासारखा बारीक भुगा पडतो, पॉलिएस्टर रेझिन चालतं, एपॉक्सीपण चालतं. तोटा म्हणजे थोडा जड, आणि उन्हात पिवळा पडतो. ईपीएस म्हणजे सरळ सांगायचं तर आपला थर्माकोल, फक्त पॅकिंगमध्ये येतो त्यापेक्षा घट्ट. हलका, पाण्यावर जास्त तरंगल्यासारखा वाटतो, पण रंधा जरा बोथट असला की दाणे उपटून येतात, आणि बोर्डला भेग पडली की दाण्यांच्या मधल्या फटींतून पाणी आत शिरतं. सगळ्यात महत्त्वाचं, ईपीएसवर पॉलिएस्टर रेझिन अजिबात नाही, त्यातलं स्टायरीन फोम विरघळवतं, बघता बघता बोर्डला खड्डा पडतो. फक्त एपॉक्सी. हातातला तुकडा कशाचा आहे कळत नसेल तर कोपऱ्यावर अ‍ॅसिटोनचा एक थेंब टाका, थर्माकोल लगेच वितळून आत बसतो, पीयूला काही होत नाही. तिसरा एक्सपीएस, दाणे नसलेला, गुळगुळीत, पाणी पीत नाही म्हणून मोह होतो, पण त्यावर ग्लास, म्हणजे रेझिनमध्ये भिजवलेलं फायबरग्लासचं कापड, नीट धरत नाही आणि उन्हात तापला की वरचं कवच फुगून सुटतं. पहिल्या बोर्डला त्याच्या नादाला लागू नका.

माझं मत विचाराल तर पहिला बोर्ड पीयूचाच करा. हलका बोर्ड हवा ही हौस दुसऱ्या-तिसऱ्या बोर्डला पुरी करता येते.

तसंही वजनाचं गणित वाटतं तेवढं मोठं नसतं. बोर्डचं आकारमान ३० लिटर धरा. पीयू साधारण ४० किलो प्रति घनमीटर असेल तर फोमचं वजन १.२ किलो. ईपीएसमध्ये ज्याला २ पाउंडचा फोम म्हणतात (म्हणजे घनफुटाला २ पाउंड) तो ३२ किलो प्रति घनमीटर, वजन झालं ०.९६ किलो. फरक जेमतेम पाव किलो, आणि तेवढा तर नवशिक्या हाताने जास्तीचं रेझिन ओतलं की सहज भरून निघतो. ईपीएस घ्यायचाच तर १ पाउंडच्या वाटेला जाऊ नका, २ पाउंडचा घ्या.

रॉकर. इथे थांबा आणि नीट वाचा, कारण बहुतेकांचा ब्लँक इथेच चुकतो. रुंदी जास्त असली तर कापता येते, जाडी जास्त असली तर रंधा मारता येतो, पण रॉकर ब्लँकमध्ये मुळातच यावा लागतो. टोकांना फोमची जाडी कमीच असते, त्यातून फार तर थोडा इकडेतिकडे करता येतो, एक इंच रॉकर वाढवायला गेलात तर नोज पापडासारखं होऊन बसतं. म्हणून पीयूच्या कॅटलॉगमध्ये ब्लँक बघताना लांबीच्या आधी रॉकरचे आकडे बघा आणि कागदावरच्या आकड्यांशी लावून बघा. बरेच उत्पादक ऑर्डर दिली तर ब्लँक मधोमध कापून हव्या त्या रॉकरने स्ट्रिंगरला, म्हणजे मधल्या लाकडी पट्टीला, चिकटवून देतात, जुळत नसेल तर तसं मागवा. ईपीएसचं बरं असतं, ठोकळ्याला दोन्ही बाजूंनी टेम्प्लेट लावून तापलेल्या तारेने पाहिजे तो रॉकर कापता येतो. पण ती तार पीयूवर चुकूनही लावायची नाही, त्यातून विषारी धूर निघतो. आणि भुगा कुठल्याही फोमचा असो, मास्क घालूनच काम करा.

आता माझ्या खळग्यांची गोष्ट. पीयू साच्यात फुगतो तेव्हा साच्याला लागलेला थर घट्ट होतो आणि आतला फोम मऊ राहतो, म्हणजे ब्लँकला एक साल असते. जितकं खोल जाल तितका भुसभुशीत फोम लागतो. मी त्या लाँगबोर्डच्या ब्लँकची सगळी साल काढून पोटातला मऊ फोम डेकवर आणून ठेवला होता, मग टाच बसणारच. म्हणून ब्लँक बोर्डपेक्षा दोन-तीन इंच लांब, मध्यावर अर्धा-पाऊण इंच जाड, एवढाच मोठा हवा. शेप करतानाही जाडी कमी करायची ती बॉटमकडून, डेकला फक्त साल खरवडल्यासारखा हलका हात.

आता तो स्ट्रिंगर. शॉर्टबोर्डला ३ मिलिमीटर, लाँगबोर्डला ६ मिलिमीटर, लाकूड बासवूड. बस, पहिल्या बोर्डला एवढंच, तीन-तीन स्ट्रिंगरचे ब्लँक फोटोत सुंदर दिसतात पण प्रत्येक पट्टी फोमच्या बरोबरीने रंधायला लागते.

ब्रँडवरून लोक भांडतात, तुम्ही नका भांडू. ५ डिसेंबर २००५ ला क्लार्क फोमने एका दिवसात कारखाना बंद केला, अमेरिकेतले बहुतेक शेपर त्याच एका कंपनीचा फोम वापरत होते, त्यामुळे प्रचंड गोंधळ उडाला. त्यानंतर बाजारात बरेच पर्याय आले. आकडे जुळतात का ते बघा.

ब्लँक प्रत्यक्ष हातात आला की घाई करू नका. टोकाला डोळा लावून स्ट्रिंगरवरून सरळ बघा, केळ्यासारखा बाजूला वळलेला असेल तर परत. दोन सरळ पट्ट्या आडव्या ठेवा, एक पुढे एक मागे, आणि मागून बघा, दोन्ही एकमेकींना समांतर दिसल्या नाहीत तर ब्लँक पिळलेला आहे, आणि पिळलेल्या ब्लँकला दोन्ही रेल, म्हणजे बाजूच्या कडा, सारख्या आणताना जीव जातो. मग अख्ख्या डेकवरून तळवा फिरवा, अंगठ्याने जागोजागी हलकं दाबा, एखादी जागा जास्त दबली तर आत पोकळी असू शकते. ईपीएस असेल तर कापलेला तुकडा हाताने मोडा आणि मोडलेली बाजू उजेडात धरा. दाणे मधूनच फाटलेले दिसले तर फोम चांगला जुळलाय, आणि अख्खे गोल गोल दाणे सुटे होऊन हाताला लागत असतील तर तो फोम पाणी पिणार, घेऊ नका. वजनकाट्यावर ठेवायला मिळालं तर ठेवाच, एकाच नंबरच्या दोन ब्लँकच्या वजनातही फरक निघतो.

घरी आणला की पीयू उन्हापासून झाकून ठेवा आणि भिंतीला तिरका टेकवू नका, दोन आधारांवर आडवा ठेवा. करवत लावायच्या आधी बोर्डच्या आकाराचं कागदी टेम्प्लेट स्ट्रिंगरला लावून पेन्सिलने हलकी रेघ मारा आणि टेम्प्लेट इंचभर पुढे-मागे सरकवून बघा, ब्लँकचा रॉकर तुमच्या आकड्यांशी कुठे जास्त जुळतो ते. त्यासाठीच ते दोन-तीन इंच जास्तीचे ठेवलेत.