हिवतापाच्या प्रदेशात नोकरीला जाताना: तेथील प्रौढांची प्रतिकारशक्ती आपल्याजवळ नसते

बेळगावच्या उद्यमबागेत काम शिकलेला फिटर असो वा निपाणी-खानापूरकडचा बांधकाम पर्यवेक्षक असो, नायजेरिया, काँगो किंवा मोझांबिकमध्ये नोकरीला निघालेल्या आपल्या सीमाभागातील माणसाने एक गोष्ट आधी नीट समजून घ्यावी. तेथे सोबत काम करणारा स्थानिक प्रौढ रोज डास चावूनही धडधाकट दिसतो; त्याच्याकडे पाहून मच्छरदाणी किंवा गोळ्या सोडणे जिवावर बेतू शकते.

त्या माणसाचे संरक्षण लहानपणापासूनच्या असंख्य संसर्गांतून घडलेले असते. हिवतापाचा सर्वांत घातक असा फाल्सिपेरम जातीचा परोपजीवी तांबड्या पेशींच्या पृष्ठभागावर जे प्रथिन मांडतो, त्याचे सुमारे 60 वेगवेगळे नमुने प्रत्येक परोपजीवीच्या जनुकांत असतात आणि तो ते आलटून पालटून वापरतो. शिवाय ठिकठिकाणच्या परोपजीवींचे नमुनेही वेगळे. त्यामुळे शरीराला एकेक रूप ओळखत प्रतिपिंडे (रोगजंतूंना रोखणारी रक्तातील प्रथिने) जमवावी लागतात. प्राणघातक आजारापासून बचाव थोड्या संसर्गांनंतरच मिळू लागतो, ताप न येण्याइतकी शक्ती यायला मात्र अनेक वर्षे लागतात, आणि संसर्गच होणार नाही अशी अवस्था जवळजवळ कधीच येत नाही. 1961 साली गांबियात प्रौढांच्या रक्तातील प्रतिपिंडे आजारी मुलांना टोचली, तेव्हा त्यांच्या रक्तातील परोपजीवी झपाट्याने घटले. ही शक्ती मिळवताना किती बालके दगावतात, हे विसरू नये: आफ्रिकेतील हिवतापाच्या बळींपैकी सुमारे तीन चतुर्थांश पाच वर्षांखालील मुले असतात.

जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यातील वडीलधारी माणसे म्हणतात, ‘आम्हाला हिवताप येऊन गेलाय, आता काही होत नाही.’ त्यांचा अनुभव खरा आहे, पण संसर्ग थांबला की ही शक्तीही ओसरत जाते. युरोपात स्थायिक झालेले आफ्रिकन लोक काही वर्षांनी गावी गेले की गंभीर आजारी पडतात, ते यामुळेच. म्हणून तीन वर्षे तिकडे राहून आलेल्यानेही पुन्हा जाताना नवखा असल्यासारखीच तयारी करावी.

निघण्यापूर्वी तीन-चार आठवडे डॉक्टरांना भेटून प्रतिबंधक औषध ठरवावे. डॉक्सिसायक्लिन रोज घ्यावे लागते व परतल्यावर आणखी चार आठवडे चालू ठेवावे लागते. गर्भवतींना ते देत नाहीत. मेफ्लोक्विन आठवड्यातून एकदा घेतात, परंतु अपस्मार किंवा मानसिक आजार असल्यास ते टाळतात. घरी उरलेल्या क्लोरोक्विनच्या गोळ्यांवर विसंबू नये, कारण आफ्रिकेतील फाल्सिपेरमवर त्या भरवशाच्या नाहीत. कीटकनाशक लावलेली मच्छरदाणी येथूनच न्यावी आणि सूर्यास्तापासून पहाटेपर्यंत अंग झाकून ठेवावे, कारण ॲनोफिलीस डास मुख्यतः त्याच वेळेत चावतो.

पत्नी गर्भवती असेल, तर तिला अशा भागात नेणे शक्यतो टाळावे. तेथे वाढलेल्या स्त्रीचेही संरक्षण पहिल्या गरोदरपणात तोकडे पडते, कारण परोपजीवी तेव्हा वारेला चिकटणारे वेगळे प्रथिन वापरतो आणि ते तिच्या शरीराने पूर्वी पाहिलेले नसते. आपल्या स्त्रियांना तर कोणताच आधार नसतो. रक्तक्षय, गर्भपात किंवा कमी वजनाचे बाळ हे धोके असतात.

ताप आल्यास स्थानिक सहकाऱ्याप्रमाणे दोन दिवस वाट पाहू नये. त्याच दिवशी रक्त तपासावे. पहिला अहवाल नकारात्मक आला, तरी संशय असल्यास 12 ते 24 तासांनी पुन्हा तपासणी करावी. स्थानिक प्रौढाच्या रक्तात परोपजीवी आढळले, तरी त्याचा ताप कधी दुसऱ्याच कारणाने असू शकतो. आपल्या रक्तात सापडले, तर मात्र लगेच उपचार सुरू करावेत, कारण नवख्या माणसात फाल्सिपेरम एक-दोन दिवसांत मेंदू व मूत्रपिंडांपर्यंत पोहोचू शकतो.

गावी परतल्यावर पावसाळ्यात हुडहुडी भरून ताप आला, तर डॉक्टरांना डेंग्यूचीच शंका येणे स्वाभाविक आहे. म्हणून कोणत्या देशातून व कधी आलो, हे आपणहून सांगावे. परतल्यानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत ही दक्षता सर्वाधिक हवी. व्हायव्हॅक्स जातीचा संसर्ग झाला असेल, तर यकृतात दडलेले परोपजीवी महिन्यांनंतरही उठतात. त्यासाठी जी-सिक्स-पीडी तपासणी (तांबड्या पेशी जपणाऱ्या विकराची कमतरता आहे का, हे पाहणारी रक्ततपासणी) करून, यकृतातले परोपजीवी मारणाऱ्या प्रायमाक्विन या औषधाचा 14 दिवसांचा क्रम डॉक्टरांच्या देखरेखीखाली पूर्ण करावा.