दात काढताना हत्यारं कशी धरावीत

निपाणीतल्या माझ्या दवाखान्यात शिकायला येणारी पोरं आधी फोर्सेप्सला, म्हणजे दात ओढायच्या पकडीला, हात घालतात. मी ती ट्रेमधून काढून ठेवतो. फोर्सेप्सचं काम सगळ्यात शेवटी. दात हाडाला ज्या तंतूंनी धरलेला असतो, ते तुटेपर्यंत त्याला पकडून उपयोग नाही.

बीपी, साखर, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या विचारा, एक्स-रेत मुळांची वाकणं बघा. बधिर करायचं लिग्नोकेनचं इंजेक्शन दिल्यावर ओठ जड झाला म्हणून लगेच सुरू करू नका, हिरडीत प्रोब, म्हणजे टोकदार सळई, टोचून खात्री करा. पेशंटला आधीच सांगा, मराठीत नाहीतर कन्नडात: दुखणार नाही, पण दाब कळेल. हे न सांगितल्यामुळे निम्मी माणसं खुर्चीत उसळतात.

आता पेरिओटोम, म्हणजे ते तंतू कापायचं पातळ पात्याचं हत्यार. पेनासारखा धरा, एक बोट शेजारच्या दातावर टेकवा. पातं मुळाला चिकटून, दाताच्या उभ्या रेषेत आत सरकवा. दात आणि हाडामधली फट मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढी, तिथं घाईचं कामच नाही. दोनेक मिलिमीटर गेलं की दहा-वीस सेकंद तसंच धरा, मग पुढे. दाताच्या दोन्ही बगला आधी, मग टाळूची बाजू. वरच्या पुढच्या दातांना ओठाकडचं हाड कागदासारखं पातळ असतं, तिकडं पातं घालायचा मोह टाळा.

मग लक्सेटर, म्हणजे दात सैल करायचं धारदार पात्याचं हत्यार. त्याची मूठ तळहातात बसवा आणि तर्जनी दांड्यावरून थेट पात्याजवळ ठेवा. सटकलं तर तेच बोट अडवतं, नाहीतर पातं जिभेखाली घुसतं. त्याला पहारीसारखं उचकटू नका. ते कापायचं हत्यार आहे, टोक वाकतं. उचकटायला एलिवेटर हे वेगळं हत्यार आहे. त्याची खोलगट बाजू दाताकडे, टेकू हाडाचा, आणि मनगट थोडंसं फिरवून तिथंच थांबा. शेजारच्या दाताचा टेकू घेतलात तर उद्या तोही हलायला लागतो.

डावा हात मोकळा सोडू नका. अंगठा आणि तर्जनीनं दोन्हीकडून हाड धरलं की ते किती पसरतंय ते बोटांना कळतं. खालच्या दाढेला जबडाही त्याच हातानं सावरायचा.

दात डुलायला लागला की मग फोर्सेप्स. चोची हिरडीखाली, मुळावर बसवा आणि आधी मुळाच्या टोकाकडे दाबा. वरचा पुढचा दात आणि खालची उपदाढ फिरवता येते, मूळ एकच आणि गोलसर म्हणून. वरची पहिली उपदाढ फिरवू नका, तिची दोन बारीक मुळं हमखास मोडतात. वरच्या दाढा गालाकडे आणि टाळूकडे सावकाश, गालाकडे जरा जास्त. प्रत्येक टोकाला थांबा. हलतच नसेल तर पुन्हा लक्सेटर घ्या किंवा मुळं वेगळी करा. घाम येईपर्यंत ओढण्यात शौर्य नाही.

सॉकेट, म्हणजे दात निघालेली खाच, बोटांनी दाबून घ्या, वर गॉजची घडी अर्धा तास चावून धरायला सांगा. आमच्याकडं पुढची अडचण तंबाखूची. आजीबाईंना मिश्री बंद सांगितली की विचारतात, ‘‘मग डॉक्टर, सकाळी नुसती चूळ भरून बसू?’’ पहिल्या दिवशी चूळही नको, थुंकणंही नको. खाचेतली रक्ताची गुठळी निघाली की तिसऱ्या दिवशी कानापर्यंत ठणका लागतो. विडी-मिश्री किमान तीन दिवस बंद, जमलं तर आठवडाभर. हे सोबत आलेल्या सुनेलाही सांगा, घरात डबी तिच्याच हाताशी असते.