जॉब दोन दिवस पेंडिंग राहायचे, चूक माझ्याच स्क्रिप्टमध्ये निघाली

शेअर्ड क्लस्टरवर (अनेक ग्रुप मिळून वापरतात तो कॉम्प्युटरांचा संच, जॉबची रांग स्लर्म हा प्रोग्राम लावतो) आमचे जॉब दोन-दोन दिवस पेंडिंगच, एसक्यू (squeue, रांग दाखवणारी कमांड) मारलं की कारणाच्या जागी नुसतं 'प्रायॉरिटी'. मला वाटायचं दुसऱ्या ग्रुपवाल्यांनी नोड (क्लस्टरमधल्या मशीन) अडवून ठेवलेत, पण खरं सांगायचं तर अडवत मीच होतो. स्क्रिप्ट कुणाकडून तरी उचललेली, तिच्यात टाइम लिमिट 72 तास, मेमरी 128 जीबी, वर्षभर तशीच वापरली. शेवटी एसअ‍ॅक्ट (sacct) कमांडने संपलेल्या जॉबचा मॅक्सआरएसएस, म्हणजे जास्तीत जास्त किती मेमरी वापरली ते, बघितला तर जेमतेम 9 जीबी आणि वेळ साडेतीन तास!

स्लर्मचं बॅकफिल असं चालतं की मोठा जॉब नोड रिकामे व्हायची वाट बघत असतो तेव्हा मधल्या फटीत स्लर्म छोटा जॉब घुसवतो, पण छोटा जॉब वेळेत संपेल की नाही हे त्याला तुमच्या टाइम लिमिटवरूनच कळतं ना, मग 72 तास लिहिल्यावर कुठल्या फटीत बसणार. 5 तास आणि 12 जीबी केलं, त्याच संध्याकाळी रनिंग.

फार घट्ट पण करू नका, वेळ संपली की स्लर्म जॉब सरळ मारून टाकतो. मी चेकपॉइंट लावलाय, म्हणजे मधेमधे काम सेव्ह होतं आणि जॉब मेला तरी तिथूनच पुढे चालू करता येतं.