पुढच्या चाकाचं बेअरिंग: ग्रीस भरा, पण नट घट्ट आवळून ठेवू नका

खानापूर, चोर्ल्याकडच्या पावसात गाडी चिखलपाण्यातून फिरली असेल, तर दसऱ्याआधी पुढची चाकं उघडाच. जुन्या रिअर-व्हील-ड्राइव्ह (इंजिन मागची चाकं फिरवतं अशा) गाड्यांत पुढे बहुधा टेपर रोलर बेअरिंग, म्हणजे एका बाजूला निमुळती, आत रोलर असलेली बेअरिंग असतात. रॉकेलनं धुऊन पूर्ण वाळवा. हवेच्या प्रेशरनं गरगर फिरवू नका. रोलर निळसर किंवा खडबडीत दिसला तर बाहेरच्या कपासकट (रोलर ज्यात फिरतात त्या कड्यासकट) जोडीच बदला. ग्रीस वरवर फासून भागत नाही: तळहातावर घेऊन बेअरिंगच्या रुंद बाजूनं आत दाबत राहा, दुसरीकडून बाहेर येईपर्यंत. ऑइल सील (ग्रीस आत अडवणारं रबरी कडं) नवाच.

खरी चूक नट आवळताना होते. चाक फिरवत आवळा, मग सैल करा, पुन्हा हातानंच टेकवा. घट्ट राहिला तर बेअरिंग तापून जळतं. नट फिरू नये म्हणून लावायची स्प्लिट पिनही नवीच घाला. पंधरा-वीस किलोमीटरनंतर हबला (चाकाच्या मधल्या भागाला) हात लावून तापलाय का बघा, पण जपून.