एनएसएफला प्रपोजल टाकताय? १५ पानांच्या आधीची तयारी

अमेरिकेत नवीनच असिस्टंट प्रोफेसर झालेल्या आपल्या मंडळींची सगळी चिंता एनएसएफच्या, म्हणजे मूलभूत संशोधनाला ग्रँट देणाऱ्या अमेरिकन सरकारी संस्थेच्या, प्रपोजलमधल्या त्या १५ पानांच्या प्रोजेक्ट डिस्क्रिप्शनची असते, आणि ते साहजिकच आहे, पण ती १५ पानं तुमच्या एकट्याच्या हातात असतात, रात्री जागलात तर होतात पूर्ण. प्रपोजल अडतं ते दुसऱ्यांच्या हातातल्या कागदांवर. को-पीआयचा (पीआय म्हणजे प्रकल्पाचा प्रमुख संशोधक, को-पीआय त्याचा जोडीदार) बायोस्केच, म्हणजे थोडक्यात करिअरची माहिती, पुण्यातल्या सहकाऱ्याचं पत्र, डिपार्टमेंटच्या बजेटवाल्या बाईंची सही, ग्रँट ऑफिसची रांग. त्यामुळे माझी तयारीची यादी एकाच हिशोबाने लावलेली आहे, ज्याला दुसऱ्या माणसाचा हात लागतो ते आधी, स्वतःचं लिखाण त्याच्या जोडीने. खालचं सगळं मुख्यतः एनएसएफचं आहे, एनआयएच, म्हणजे आरोग्य संशोधनाला पैसे देणारी दुसरी सरकारी संस्था, तिच्याबद्दल शेवटाकडे थोडं.

सगळ्यात आधी दोन डॉक्युमेंट उघडून ठेवा, तुमच्या प्रोग्रामचं सॉलिसिटेशन आणि पीएपीपीजी, म्हणजे एनएसएफचं नियमांचं जाडजूड पुस्तक. दोघांत फरक असेल तर सॉलिसिटेशनचं ऐकायचं. पीएपीपीजीची आवृत्ती बघून घ्या, मी इथे जे सांगतोय ते मे २०२४ पासून लागू झालेल्या २४-१ प्रमाणे आहे आणि हे नियम बदलत असतात, त्यामुळे सीनियरने दिलेलं चार वर्षांपूर्वीचं टेम्प्लेट जसंच्या तसं वापरू नका. डेडलाइन आहे की नाही तेही बघा, बऱ्याच प्रोग्रामना आता डेडलाइनच नसते, कधीही टाका. करिअर अवॉर्डची, म्हणजे नवीन प्राध्यापकांसाठीच्या ग्रँटची, मात्र असते, जुलैचा चौथा बुधवार.

मग प्रोग्राम ऑफिसरला, म्हणजे एनएसएफमध्ये तो प्रोग्राम सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याला, ईमेल. एका पानात आयडिया, कुठल्या प्रोग्रामला बसते असं वाटतं ते, आणि पंधरा मिनिटं बोलता येईल का अशी विचारणा. आपल्याकडच्या लोकांना हे फार जड जातं, सरकारी अधिकाऱ्याला असं थेट कसं विचारायचं, पण तिकडे ते त्यांचं कामच आहे आणि "हे आमच्याकडे बसत नाही, शेजारच्या प्रोग्रामला बघा" हे दोन महिने आधी कळलेलं केव्हाही बरं.

व्हिसाचा प्रश्न हमखास येतो म्हणून इथेच सांगतो. एनएसएफच्या नेहमीच्या रिसर्च ग्रँटला पीआय अमेरिकन नागरिक असावा अशी अट नाही, प्रपोजल विद्यापीठ टाकतं, ग्रँट विद्यापीठाला मिळते, एच-वन-बीवर असाल तरी चालतं, करिअरलाही चालतं. नागरिकत्वाची किंवा ग्रीन कार्डची अट असते ती ग्रॅज्युएट रिसर्च फेलोशिपसारख्या फेलोशिपना. तेव्हा लॅबमधल्या आपल्या मुलामुलींना सल्ला देताना तेवढं बघून द्या.

अकाउंटचं काम कंटाळवाणं आहे पण अर्ध्या तासाचं आहे. रिसर्च डॉट गव्हवर, म्हणजे एनएसएफच्या प्रपोजल टाकायच्या वेबसाईटवर, तुमचा एनएसएफ आयडी असायला पाहिजे आणि तो एकच असायला पाहिजे. पोस्टडॉक असताना काढलेला असेल तर तोच नव्या विद्यापीठाला जोडायचा, नवीन काढत बसायचं नाही. ऑर्किड, म्हणजे संशोधकाचा ओळख नंबर, काढा आणि सायएनसीव्हीला, म्हणजे बायोस्केच तयार करायच्या वेबसाईटला, जोडा म्हणजे पेपरची यादी हाताने टाईप करावी लागत नाही. आपल्या नावांचा घोळ इथेच निस्तरून घ्या, एका पेपरवर वडिलांचं नाव मधे, दुसऱ्यावर नुसतं आद्याक्षर, लग्नाआधीचं आडनाव तिसऱ्यावर, आणि पासपोर्टवर भलतंच काहीतरी. विद्यापीठाचं सॅम डॉट गव्हवरचं (सरकारी पैसे घेणाऱ्या संस्थांच्या नोंदणीचं) रजिस्ट्रेशन दरवर्षी रिन्यू करावं लागतं, ते बघणं तुमचं काम नाही, पण छोट्या कॉलेजात असाल किंवा सबअवॉर्डवाली, म्हणजे तुमच्या ग्रँटमधून पैसे घेणारी, संस्था लहान असेल तर एकदा विचारून ठेवा.

आता खरी डेडलाइन. एनएसएफची वेळ असते संध्याकाळी ५, आणि ती तुमच्या संस्थेच्या लोकल टाईमप्रमाणे. पण सबमिटचं बटण पीआयला दाबताच येत नाही, ते दाबतो विद्यापीठाचा अधिकृत प्रतिनिधी, एओआर म्हणतात त्याला, आणि तो ग्रँट ऑफिसात बसतो. त्या ऑफिसची स्वतःची डेडलाइन असते, काही ठिकाणी बजेट पाच वर्किंग डे आधी पाहिजे, काही ठिकाणी त्याहून आधी, काही ठिकाणी सायन्सचा भाग शेवटपर्यंत बदलू देतात, काही ठिकाणी नाही. ही तारीख कॅलेंडरमध्ये आधी टाका आणि एनएसएफची तारीख विसरलात तरी चालेल असं समजा. आणि त्या ऑफिसातल्या माणसाला "अमुक प्रोग्रामला अमुक तारखेला टाकतोय, को-पीआय हे, सबअवॉर्ड आहे" असं दोन ओळींचं ईमेल महिनाभर आधी करून ठेवा, त्याच आठवड्यात त्याच्याकडे अजून डझनभर प्रपोजलं असतात, ज्याने आधी सांगितलं त्याची आधी आठवण होते.

को-पीआयकडून काय काय मागायचं? प्रत्येक सीनियर माणसामागे चार कागद, बायोस्केच, करंट अँड पेंडिंग (चालू आणि मागितलेल्या ग्रँटची यादी), सिनर्जिस्टिक ॲक्टिव्हिटीजचं (व्यापक योगदानाचं) एक पान, आणि सीओएची (ते काय हे खाली सांगतो) एक्सेल शीट. पहिले दोन ऑक्टोबर २०२३ पासून सायएनसीव्हीतूनच करायचे, आणि ज्याचा बायोस्केच त्यानेच आत जाऊन सर्टिफाय करायचा, तुम्ही किंवा सेक्रेटरी फार तर भरून देऊ शकता. म्हणजे को-पीआय नेमका फील्डवर किंवा गावी गेलेला असेल तर काम अडलं. तिथून निघालेल्या पीडीएफला हात लावायचा नाही, एडिट नाही, परत प्रिंट करून पीडीएफ नाही.

करंट अँड पेंडिंग हा कागद गांभीर्याने घ्या. त्यात जे प्रपोजल आत्ता टाकताय तेही पेंडिंग म्हणून लिहायचं. आणि भारतातल्या गोष्टी लपवायच्या नाहीत. एखाद्या भारतीय संस्थेत ॲडजंक्ट किंवा व्हिजिटिंग पद आहे, बिनपगारी आहे, वर्षातून आठवडाभर जाता, तरी ते पद बायोस्केचमध्ये जातं, तिकडून संशोधनासाठी पैसा किंवा माणूसबळ मिळत असेल तर ते करंट अँड पेंडिंगमध्ये जातं. लोकांना वाटतं भारत काही चीन नाही, नाही लिहिलं तर काय होतंय. देश कुठला हा प्रश्न वेगळा, जाहीर करायचा नियम सगळ्या देशांना सारखाच आहे, आणि खाली सही तुमची असते. मॅलाइन फॉरेन टॅलेंट प्रोग्राममध्ये, म्हणजे परदेशी सरकारच्या घातक मानलेल्या भरती योजनेत, नाही हेही २०२४ पासून तिथेच सर्टिफाय करावं लागतं, तो २०२२ च्या चिप्स अँड सायन्स कायद्याचा परिणाम.

सीओए म्हणजे रिव्ह्यूअर निवडताना हितसंबंध तपासता यावेत म्हणून द्यायची नावांची यादी. गेल्या ४८ महिन्यांतले सगळे को-ऑथर आणि कोलॅबरेटर, पीएचडीचा गाईड आणि तुमच्या हाताखाली पीएचडी झालेले सगळे, २४ महिन्यांतले को-एडिटर. लग्नाच्या आमंत्रणाची यादी असते ना तसंच हे, कितीही आठवलं तरी कोणीतरी राहतंच, म्हणून मोठ्या कन्सॉर्शियमच्या पेपरांत नाव असेल तर आजच सुरू करा आणि शीट कायम जपून ठेवून दर पेपरनंतर भर घालत जा. ही एक्सेलच अपलोड करायची, पीडीएफ करायची नाही.

बजेट. इथे नवीन माणूस सगळ्यात जास्त गोंधळतो कारण ५ लाख डॉलर म्हटल्यावर ५ लाख खर्चायला मिळतील असं वाटतं. विद्यापीठाचा ओव्हरहेड, म्हणजे इमारत-ऑफिस वगैरेच्या खर्चाचा वाटा, त्यातूनच जातो. समजा दर ५५ टक्के असेल, तर ज्या डायरेक्ट खर्चावर तो लागतो त्या दर १०० डॉलरमागे अजून ५५ धरायचे. सगळ्यावर लागत नाही, विद्यार्थ्यांची ट्यूशन, मोठी इक्विपमेंट, पार्टिसिपंट सपोर्ट (प्रशिक्षणाला येणाऱ्यांचा खर्च) यावर नाही. सबअवॉर्डच्या पहिल्या काही रकमेवरच लागतो, ती मर्यादा ऑक्टोबर २०२४ मध्ये २५ हजारावरून ५० हजार डॉलर झाली आणि इक्विपमेंट म्हणजे काय याची मर्यादा ५ हजाराची १० हजार झाली, पण तुमचं विद्यापीठ अजून जुन्या करारावर चालतंय की नव्या ते ऑफिसलाच विचारा, यात हजारोंचा फरक पडतो. स्वतःचा समर पगार, सगळ्या एनएसएफ ग्रँट मिळून वर्षाला साधारण दोन महिने, त्याहून जास्त हवा असेल तर कारण द्यावं लागतं. फ्रिंज, म्हणजे पगारावरचे विमा-पेन्शनचे खर्च, विसरू नका, स्टायपेंडची वार्षिक वाढ विसरू नका, आणि बजेट जस्टिफिकेशन पाच पानांच्या आत.

सह्याद्रीत किंवा कोकणात फील्डवर्क असेल तर तो परदेश प्रवास धरला जातो, वेगळी ओळ असते त्याची. विमानाचं तिकीट फ्लाय अमेरिका नियमाने धरायचं, म्हणजे अमेरिकन एअरलाइनचं किंवा तिच्या कोडशेअरवर काढलेलं, काही अपवाद आहेत पण "दुसरं स्वस्त होतं" हा अपवाद नाही. मुंबईपर्यंतचं भाडं त्याच हिशोबाने लिहा नाहीतर नंतर खिशातून भरायची वेळ येते. आणि भारतातल्या सहकाऱ्याला आधीच स्पष्ट सांगा की एनएसएफ परदेशी संस्थेला सहसा पैसे देत नाही. त्याचा पगार, त्याची उपकरणं तिकडच्या फंडिंगमधून, आपल्याकडून फार तर पत्र मागायचं.

ते पत्रही एका वाक्याचं. एनएसएफने नमुना देऊन ठेवलाय, प्रपोजल मंजूर झालं तर डिस्क्रिप्शनमध्ये लिहिल्याप्रमाणे सहकार्य करण्याचा माझा विचार आहे, एवढंच. आपल्याकडच्या विभागप्रमुखांना ते अपमानास्पद वाटतं, ते लेटरहेडवर दीड पान कौतुक करून पाठवतात, तुम्ही किती हुशार आहात वगैरे, आणि ते कौतुक चालत नाही. म्हणून तयार मजकूर तुम्हीच पाठवा, "सर, फक्त सही पाहिजे" असं म्हणून.

आता लिखाण, त्यावर मी फार बोलणार नाही. प्रोजेक्ट समरी एक पान, ओव्हरव्ह्यू, इंटेलेक्च्युअल मेरिट (ज्ञानात काय भर पडेल), ब्रॉडर इम्पॅक्ट्स (समाजाला काय उपयोग) अशी तीन हेडिंगं, प्रत्येक हेडिंग स्वतंत्र ओळीवर. डिस्क्रिप्शनमध्येही ब्रॉडर इम्पॅक्ट्सचा वेगळा सेक्शन लागतोच. तो शेवटच्या रात्री "आम्ही शाळेत व्याख्यान देऊ" असा लिहिला की पॅनेलवरच्या लोकांना लगेच वास येतो, तेव्हा कोणती शाळा, कोण करणार, पैसे कुठून, झालं की नाही कसं कळणार, हे विज्ञानाइतकंच नीट लिहा. आधीची एनएसएफ ग्रँट असेल तर तिच्या कामाचा आढावा याच १५ पानांत, पाच पानांपर्यंत, नसेल तर एका ओळीत तसं लिहिलेलं बरं. डिस्क्रिप्शनमध्ये वेबसाईटच्या लिंक टाकायच्या नाहीत. चारी बाजूंनी एक इंच मार्जिन, टाईम्स न्यू रोमन ११ च्या खाली नाही, एरियल १० चालतो. पान नंबर स्वतः घालू नका, सिस्टिम घालते. एआय वापरलं असेल तर कुठे आणि कसं ते लिहावं असं एनएसएफचं सांगणं आहे.

छोटे कागद पण राहिले तर गोची करणारे, डेटा मॅनेजमेंट अँड शेअरिंग प्लॅन दोन पानं, मेंटरिंग प्लॅन एक पान, आणि तो पूर्वी फक्त पोस्टडॉकसाठी होता, आता ग्रॅज्युएट विद्यार्थ्यांचे पैसे मागत असाल तरी लागतो. फॅसिलिटीजमध्ये, म्हणजे लॅब-उपकरणांच्या कागदात, डॉलरचे आकडे टाकू नका. करिअरला डिपार्टमेंट हेडचं पत्र लागतं, तेही मागून ठेवा. रिव्ह्यूअरची नावं सुचवता येतात, ज्यांच्याकडे जाऊ नये असं वाटतं तीही देता येतात, ऐच्छिक आहे पण संधी कशाला सोडा.

अपलोड दोन दिवस आधी, कच्चं असलं तरी सगळं चढवा आणि कम्प्लायन्स चेक चालवा. लाल एरर म्हणजे सबमिट होणारच नाही, वॉर्निंग म्हणजे होईल पण वाचून घ्या. चेक पास झाला म्हणजे प्रपोजल नियमात बसलं असं होत नाही, मशीनला बरंच काही दिसत नाही, आणि नियम मोडला तर रिव्ह्यू न होताच परत येऊ शकतं. मग पूर्ण पीडीएफ उघडून प्रत्येक पान डोळ्यांनी बघा, समीकरणातली ग्रीक अक्षरं चौकोन झालेली, आकृती अर्धी कापलेली, हे सगळं तिथेच सापडतं. एओआरला ॲक्सेस दिलाय ना तेही बघा, ते एक वेगळं बटण आहे आणि लोक तिथे थांबतात. उन्हाळ्यात घरी आलेले असाल तर घड्याळ लक्षात ठेवा, शिकागोतले संध्याकाळचे ५ म्हणजे जुलैत पुण्यात पहाटेचे साडेतीन, आणि त्या वेळी ग्रँट ऑफिसचा फोन आला तर उचलायचा आहे. सबमिट झाल्यावरही डेडलाइनच्या आत फाईल बदलता येते, म्हणून सकाळीच टाकायला सांगा.

एनआयएचला टाकणाऱ्यांसाठी थोडक्यात, हिशोब तोच, कागद वेगळे. स्पेसिफिक एम्स एक पान, आर०१ ची (एनआयएचची नेहमीची रिसर्च ग्रँट) रिसर्च स्ट्रॅटेजी १२ पानं, नव्या आर०१ च्या नेहमीच्या तारखा ५ फेब्रुवारी, ५ जून, ५ ऑक्टोबर. वर्षाला डायरेक्ट खर्च अडीच लाख डॉलरपर्यंत असेल तर २५ हजारांच्या मॉड्यूलचं सोपं बजेट चालतं, ५ लाख किंवा जास्त असेल तर सहा आठवडे आधी परवानगी मागावी लागते. फॉर्म गेल्यावर दोन वर्किंग डे बघायला मिळतात, पण त्यात काही बिघडलेलं दिसलं आणि तारीख उलटून गेली असेल तर फार काही करता येत नाही, तेव्हा तिथेही दोन-तीन दिवस आधी टाका. २०२५ पासून एका पीआयला वर्षाला सहाच अर्ज अशी मर्यादा आली आहे. के९९ ला, म्हणजे पोस्टडॉकसाठीच्या एनआयएच अवॉर्डला, नागरिकत्वाची अट नाही, पण पोस्टडॉकचा अनुभव चार वर्षांपर्यंतच चालतो, तेवढं मोजून घ्या.

गेल्यावर सात आकडी प्रपोजल नंबर येतो, तो आणि सबमिट झालेली पीडीएफ जपून ठेवा, पुढच्या प्रत्येक प्रपोजलच्या करंट अँड पेंडिंगमध्ये हेही लिहायचंय. साधारण सहा महिने वाट बघायची. मधे प्रोग्राम ऑफिसरला दर पंधरा दिवसांनी ईमेल करू नका. नाकारलं गेलं तर रिव्ह्यू आणि पॅनेल समरी रिसर्च डॉट गव्हवर दिसतात, त्या वाचून आठवडाभर बाजूला ठेवा, राग गेला की परत वाचा, आणि मग फोनची वेळ मागा.