कंप्लायन्स आणि अंतर्गत ऑडिटचं सॉफ्टवेअर घेण्याआधी ते कसं तपासावं

सॉफ्टवेअर कंपनीला डेमोसाठी बोलावण्याआधी दोन गोष्टी तुमच्या हातात हव्यात. पहिली, तुम्हाला लागू असलेल्या कंप्लायन्सची, म्हणजे कायद्याने करायच्या कामांची, तुम्ही स्वतः केलेली यादी. दुसरी, गेल्या वर्षीच्या ऑडिट रिपोर्टमधले तीन शेरे, म्हणजे ऑडिटरने दाखवलेल्या त्रुटी. या दोन्ही नसतील तर डेमो पुढे ढकला. डेमोतला डेटा त्यांनीच भरलेला असतो. त्यात कुणी रजेवर जात नाही, कुणी चुकीचा कागद चढवत नाही आणि डॅशबोर्ड हिरवागार दिसतो. तुमच्या डेटावर काय होतं, ते त्यातून कळत नाही.

उदाहरणासाठी एक प्रायव्हेट लिमिटेड कंपनी धरू. मुख्य कार्यालय पुण्यात, एकेक कारखाना चाकण आणि साताऱ्यात, उलाढाल २५० कोटी. कंपनी अधिनियम २०१३ च्या कलम १३८ प्रमाणे, आधीच्या वर्षात उलाढाल २०० कोटी किंवा जास्त असेल, किंवा बँका आणि वित्तसंस्थांचं कर्ज १०० कोटींच्या वर गेलं असेल, तर प्रायव्हेट कंपनीलाही अंतर्गत ऑडिटर नेमावा लागतो. शिवाय लागू असलेल्या सगळ्या कायद्यांचं पालन होईल अशी यंत्रणा उभी केली आहे आणि ती नीट चालते, असं कलम १३४ खाली संचालकांना लिहून द्यावं लागतं. त्या सहीला आधार म्हणून हे सॉफ्टवेअर हवं आहे. हे लक्षात ठेवलं की कुठली सोय कामाची आणि कुठली नुसती देखणी, हे ठरवणं सोपं जातं.

यादी कशी करायची

एक्सेलमध्ये आठ रकाने करा: कायदा, काम, युनिट, देय तारीख, करणारा, तपासणारा, पुराव्याचा नेमका कागद, चुकलं तर होणारा परिणाम. पीएफचा कोड एकच असेल तर पीएफची एक ओळ. फॅक्टरी लायसन्सच्या दोन. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रांच्या मात्र दोन ओळींवर भागत नाही, कारण संमतीपत्रातली प्रत्येक अट हे वेगळं काम आहे. चिमणीच्या धुराची तपासणी, सांडपाण्याचे नमुने, घातक कचऱ्याचं वार्षिक विवरण ३० जूनपर्यंत, पर्यावरण विवरण फॉर्म ५ मध्ये ३० सप्टेंबरपर्यंत. विक्रेत्याच्या हाती संमतीपत्राची पीडीएफ द्या आणि त्यातून कामं सुटी करून मागा. ‘कन्सेंट नूतनीकरण’ अशी एकच ओळ परत आली, तर त्यांच्या लायब्ररीला (सॉफ्टवेअरमधल्या कायदे आणि कामांच्या तयार यादीला) तुमचा कारखाना कळलेला नाही.

‘झालं’ आणि ‘सिद्ध झालं’

सगळ्यात जास्त वेळ सातव्या रकान्याला द्या. पुरावा तपासण्यात सॉफ्टवेअर कच्चं असेल तर बाकीच्या सोयींचा फारसा उपयोग नाही.

पीएफचंच बघा. दर महिन्याच्या १५ तारखेपर्यंत आधीच्या महिन्याचा भरणा करायचा. ईसीआर फाइल (कर्मचारीनिहाय पीएफचं विवरण) पोर्टलवर चढवली की चलन तयार होतं आणि त्यावर टीआरआरएन हा संदर्भ क्रमांक येतो. हा क्रमांक पैसे भरण्याआधीच मिळतो. पगार विभागातला माणूस १४ तारखेला चलनाची पीडीएफ चढवतो, ‘पूर्ण’वर टिक करतो, सॉफ्टवेअर हिरवं होतं. बँकेत दुसरी सही राहिल्यामुळे पैसे १७ तारखेला जातात. डॅशबोर्डवर शंभर टक्के पालन, प्रत्यक्षात उशीर आणि त्यावर व्याज. इथे पुरावा म्हणून चलन चालत नाही, भरणा झाल्याची पावती लागते.

म्हणून डेमोत मुद्दाम न भरलेलं चलन चढवा आणि काय होतं ते बघा. सॉफ्टवेअरने पीडीएफ वाचावी अशी अपेक्षा नाही. पण तीन गोष्टी हव्यातच: पुराव्याचा प्रकार आधी ठरवून ठेवता यावा, भरण्याची तारीख वेगळ्या चौकटीत लिहावी लागावी, आणि तपासणाऱ्याने मान्य करेपर्यंत काम ‘पूर्ण’ मोजलं जाऊ नये. उशिरा झालेलं काम ‘उशिरा पूर्ण’ असंच दिसलं पाहिजे. काही सॉफ्टवेअर काम झालं की लाल रंग पुसून टाकतात. मग वर्षअखेरीस संचालक मंडळापुढे ठेवायला उशिरांचा हिशोबच उरत नाही.

तारखांची परीक्षा

लायब्ररीत हजारो कायदे आहेत, असं विक्रेता सांगेल. आकड्यात अडकू नका, चार तारखा विचारा.

खासगी कंपनीने पैसे देताना कापलेला आयकर, म्हणजे टीडीएस, पुढच्या महिन्याच्या ७ तारखेला, पण मार्चमधल्या कपातीचा ३० एप्रिलला. मार्चलाही ७ एप्रिल दिसत असेल तर नियम न वाचता ओळ बारा वेळा चिकटवली आहे.

महाराष्ट्र कामगार कल्याण निधी सहामाही असतो: जूनची वर्गणी १५ जुलैपर्यंत, डिसेंबरची १५ जानेवारीपर्यंत. इतर राज्यांचं वेळापत्रक वेगळं, म्हणून तयार साचा इथे फसतो.

सूक्ष्म आणि लघु उद्योगांची ४५ दिवसांवर थकलेली बिलं असतील, तर एमएसएमई-१ फॉर्म ३१ ऑक्टोबर आणि ३० एप्रिलला. हे काम अट लागू झाली तरच येतं. सॉफ्टवेअरमध्ये ‘या सहामाहीत लागू नाही’ असं कारणासह नोंदवता येतं का?

चौथी परीक्षा वार्षिक सभेची. सभेची तारीख २५ सप्टेंबर टाका. एओसी-४ साठी (आर्थिक पत्रकं सादर करण्याचा फॉर्म) ३० दिवस, म्हणजे २५ ऑक्टोबर. एमजीटी-७ साठी (वार्षिक विवरणाचा फॉर्म) ६० दिवस, म्हणजे २४ नोव्हेंबर. आता सभा २८ सप्टेंबरला सरकवा. दोन्ही तारखा आपोआप २८ ऑक्टोबर आणि २७ नोव्हेंबर झाल्या पाहिजेत, आणि बदल कुणी, कधी केला याची नोंद राहिली पाहिजे. तारखा हाताने बदलाव्या लागत असतील तर ते कॅलेंडरच आहे, आणि कॅलेंडर तुमच्याकडे फुकट आहे.

कायद्याची देय तारीख आणि कंपनीची आतली तारीख यांना दोन स्वतंत्र चौकटी हव्यात. आतली तारीख निदान तीन दिवस आधीची ठेवा, कारण पोर्टल शेवटच्याच दिवशी अडतं.

लायब्ररी कोण ताजी ठेवतं

यासाठी हाताशी उत्तम कसोटी आहे. २१ नोव्हेंबर २०२५ ला चार कामगार संहिता लागू झाल्या आणि कारखाना अधिनियमासकट २९ केंद्रीय कायद्यांची जागा त्यांनी घेतली. विक्रेत्याला त्या तारखेच्या आधीची आणि नंतरची तुमच्या कारखान्याची यादी शेजारी शेजारी दाखवायला सांगा. जुनी ओळ पुसलेली नको, शेवटच्या तारखेसह बंद केलेली हवी, कारण मागच्या काळाची तपासणी जुन्या नियमांवरच होणार. नव्या ओळीवर अधिसूचनेचा दुवा हवा. अधिसूचना निघाल्यापासून बदल किती दिवसांत येतो आणि तो कोण तपासतं, हे करारात लिहून घ्या. ‘आमची लीगल टीम आहे’ एवढ्यावर थांबू नका.

ऑडिटचा भाग

आता ते तीन शेरे काढा: एक साधा, एक दोन्ही कारखान्यांना लागू, एक सलग दुसऱ्या वर्षी आलेला. समजा शेरा असा आहे: ‘खरेदी ऑर्डर नंतर काढली, माल आधी आला.’ तो नोंदवताना निकष, प्रत्यक्ष स्थिती, कारण, परिणाम आणि शिफारस वेगवेगळी लिहिता आली पाहिजे. नमुना म्हणून तपासलेली बिलं आणि मालपावत्या त्याच शेऱ्याला जोडता आल्या पाहिजेत. शेरा जारी झाल्यावर त्याचे शब्द कुलूपबंद झाले पाहिजेत. विभागाचं उत्तर खाली येईल, मूळ शेऱ्यात मिसळणार नाही.

मग मुदत दोनदा वाढवा. ३० जूनचा शेरा ३० सप्टेंबरवर आणि तिथून ३१ डिसेंबरवर न्या, आणि थकीत शेऱ्यांचा रिपोर्ट काढा. वय पहिल्या तारखेपासून मोजलं गेलं तर ठीक. नव्या तारखेपासून मोजलं तर तीन वर्षांचा शेराही कायम ताजा दिसेल, आणि ऑडिट समितीला काही कळणार नाही. शेरा बंद करण्याचा अधिकार ऑडिटरकडेच राहतो का, तेही इथेच कळेल. पुन्हा आलेला शेरा जुन्याला जोडता येत नसेल तर गुण कापा.

लॉगिन आणि नोंदी

पाच लॉगिन मागून घ्या: करणारा, तपासणारा, ऑडिटर, फक्त बघणारा संचालक, ॲडमिन. करणाऱ्याने स्वतःचंच काम मान्य करायचा प्रयत्न करावा. ॲडमिनने मागची तारीख टाकून बघावी. तसं जमलं, तर निदान ते नोंदीत उमटलं पाहिजे आणि ती नोंद ॲडमिनलाही पुसता येता कामा नये. नोकरी सोडून गेलेल्या माणसाची चाळीस कामं एका झटक्यात दुसऱ्याकडे वळवता येतात का, तेही करून बघा.

‘आमचं सॉफ्टवेअर एमसीए ऑडिट ट्रेलप्रमाणे आहे’ हे वाक्य ऐकू येईल. प्रत्येक बदलाची नोंद राखण्याचा कंपनी व्यवहार मंत्रालयाचा (एमसीए) १ एप्रिल २०२३ पासूनचा तो नियम हिशोबाच्या वह्या ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरला आहे, कंप्लायन्सच्या सॉफ्टवेअरला नाही. नोंदी इथेही हव्यात, पण विक्रेता हा फरक सांगतो की त्या नियमाच्या नावावर माल खपवतो, यावरून त्याची जाण कळते.

सुरक्षेसाठी आयएसओ २७००१ चं प्रमाणपत्र किंवा सॉक-२ टाइप-२ चा अहवाल (दोन्ही माहिती सुरक्षेच्या बाहेरच्या तपासणीचे पुरावे) मागा आणि तुम्ही घेताय तीच सेवा त्याच्या व्याप्तीत आहे ना, ते वाचा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सायबर घटना कळल्यापासून ६ तासांत कळवायची असते आणि लॉग १८० दिवस ठेवायचे असतात. विक्रेता तुम्हाला किती तासांत कळवणार, ते करारात आणा.

किंमत

तीन वर्षांचा एकूण आकडा मागा, महिन्याचा नको. दर कशावर आहे ते स्पष्ट करून घ्या: वापरणारे, युनिट की कामांची संख्या. तुमच्याकडे रोज वापरणारे सहा आणि महिन्यात एकदा पुरावा चढवणारे पन्नास असतील, तर सगळ्यांना सारखा दर लावणारा करार महागात पडतो. बाहेरच्या सीए फर्मची लॉगिनं, सुरुवातीची मांडणी, कायद्यांचे बदल, जास्तीची साठवण आणि वार्षिक दरवाढ या पाच ओळी कोटेशनमध्ये वेगळ्या दिसल्या पाहिजेत.

पायलट

पायलट म्हणजे खरेदीआधीचा चाचणी वापर: एका कारखान्यावर, महिन्याच्या १ तारखेपासून पुढच्या महिन्याच्या २० पर्यंत, साधारण ५० दिवस. त्यात टीडीएसची ७, जीएसटीच्या विक्री विवरणाची (जीएसटीआर-१) ११, पीएफ-ईएसआयची १५ आणि जीएसटी भरण्याच्या विवरणाची (जीएसटीआर-३बी) २० तारीख दोन-दोनदा येते. पहिल्या फेरीत लोक शिकतात, दुसऱ्या फेरीत खरं चित्र दिसतं. जुनी एक्सेल या काळात बंद करू नका. रोज दोन्हींतला फरक नोंदवा. दुसऱ्या फेरीतही कारखान्यातला माणूस पुरावा व्हॉट्सॲपवर पाठवत असेल, तर बहुतेक वेळा कारण आळस नसतं. चढवायला सहा क्लिक लागतात, हे कारण असतं.

गुण देताना पुराव्याची शिस्त, लायब्ररीची अचूकता आणि न पुसता येणाऱ्या नोंदी यांना गुण देऊच नका. या तीन पास-नापास अटी आहेत. उरलेल्यांची तुलना गुणांवर करा, आणि त्यात कारखान्यातल्या लोकांच्या मताला मुख्य कार्यालयाइतकंच वजन द्या.

सही करण्याआधी पायलटचा सगळा डेटा बाहेर काढून बघा. शेरे आणि कामं एक्सेलमध्ये, पुरावे मूळ फाइलींत आणि कुठला पुरावा कुठल्या कामाचा ते सांगणारी यादी. देवनागरी नावांच्या फाइली खास तपासा. ‘गुमास्ता_चाकण.pdf’ ची झिप उघडल्यावर नुसती प्रश्नचिन्हं झाली असतील, तर करार संपताना शेकडो कागद नावाविना हाती येतील. ही दुरुस्ती करून घ्या, डेटा परत काढा, आणि तो बरोबर आल्यावरच करारावर सही करा.