शंख-शिंपल्यांची फरशी बसवताय? या चुका टाळा

साताऱ्यात आपल्याला सवय काळ्या पाषाणाची. पायरी, जोतं, उंबरा. आपटा, घासा, काही होत नाही. म्हणून कुणी जैसलमेरकडचा हाबूर किंवा जर्मनीचा जुरा आणला, की त्यालाही तोच न्याय. अहो, तो चुनखडीचा दगड आहे. त्यातले दगड झालेले शिंपले, अमोनाइटचं (फार पूर्वी नामशेष झालेल्या समुद्री प्राण्याच्या कवचाचं) ते वेटोळं, बहुतेक सगळं कॅल्शियम कार्बोनेट. पानाला लावता त्या चुन्याचं मूळ. कठीणपणा मोजायच्या मोहस् पट्टीवर हा 3 ला, पायाखालून येणारा वाळूचा कण 7 ला. दारात पायपुसणं का हवं, ते यातच आलं.

ॲसिड मारणे

या एका चुकीवर माझी निम्मी कामं चालतात, तरी सांगतो. गोडोलीकडच्या एका बंगल्यात हॉलला 600 चौरस फूट हाबूर बसवला होता. वीतभर अमोनाइट बरोबर दारात यावा म्हणून फरश्या सुक्याच मांडून बघण्यात अख्खी सकाळ घालवली. वास्तुशांत दोन दिवसांवर. रंगाचे, सिमेंटचे ठिपके राहिले होते. रंगवाल्यांच्या पोरांनी माझी वाट न बघता संडासाची ॲसिडची बाटली आणून ओतली. शहाबादीवर असंच करतात म्हणे. (शहाबादी पण चुनखडीच. तिच्यावरही मारू नये. ती मुळात खडबडीत, म्हणून कुणाला कळत नाही.)

मी पोचलो तेव्हा फरशीवर फेस फसफसत होता आणि पोरगं खुशीत, "काका, बघा कशी घाण निघतीय!" घाण कसली, दगडच निघत होता. धुऊन वाळल्यावर हात फिरवला तर भाजलेल्या पापडासारखा लागला. शिंपले किंचित वर, मधली जागा खाली बसलेली. वास्तुशांत सतरंज्या अंथरून उरकली. नंतर हिऱ्याचे पॅड लावून 50 नंबरच्या खरखरीतपासून 3000 च्या बारीकपर्यंत चार दिवस घासत बसलो. दारातला अमोनाइट वरच्या पातळ थरातच होता. अर्धा त्या घासण्यात गेला.

माझी रीत साधी. थेंब पडला की लगेच ओल्या फडक्याने पुसायचा. वाळलाच तर लाकडी पट्टीने हळूहळू उडवायचा. वेळ लागतो, लागू दे. ज्याला तेवढा दम नाही त्याने छापील टाइल घ्यावी. तीत प्रत्येक चौथ्या फरशीवर तोच शंख सापडेल, पण ॲसिड चालेल.

नावावर जाणे

'मिंट फॉसिल' म्हणून विकतात तो राजस्थानचा वालुकाश्म. त्यावरची नेच्यासारखी नक्षी झाडाची नाही, भेगांत शिरलेल्या मँगनीज-लोहाच्या पाण्याने काढलेली आहे. दगड वाईट नाही, पण जीवाश्माचे पैसे का मोजायचे? फरशीची पाठ खिळ्याने खरवडा, त्या भुकटीवर लिंबू पिळा. बुडबुडे आले तर चुनखडी. पाठीवरच करा, पुढून नको.

ओट्याला लावणे

सांगलीच्या एका वहिनींनी हट्टाने ओट्याला फिकट जुरा लावून घेतला. हळदीच्या गावात! हळदीचं मी फार मनावर घेत नाही, ऊन लागलं की तो पिवळा डाग आपोआप फिका पडतो. खरा वैरी लिंबू. अर्धी फोड पालथी ठेवली, की सकाळी तिथे बरोबर तेवढंच पांढुरकं वर्तुळ. चिंच, कोकम, दही, सगळ्यांची तीच कथा. वहिनी दोन महिने साबणाने घासत होत्या. तो डाग नाहीच, दगड खाल्ला गेलाय; पॉलिशच करावं लागतं. सीलर लावला होता की, असं म्हणाल. सीलर तेल-पाणी आत मुरू देत नाही, आंबट थांबवत नाही. ओट्याला काळा ग्रॅनाइट लावा आणि शिंपले देवघरापुढे बघत बसा.

बसवताना फिकट दगडाखाली करडं सिमेंट नको, ओल वर येते आणि ढग उमटतात; पांढरं वापरा. चार कोपऱ्यांत सिमेंटचे गोळे ठेवून फरशी दाबू नका, खाली पोकळ राहिलं की शिंपल्याच्या कडेनेच तडा जातो. पाठीला रेझिनची जाळी असेल तर सिमेंट धरत नाही, तिथे इपॉक्सीच लागतं. भोकं बुजवायची ती दगडाच्या रंगाच्या रेझिनने.

महाबळेश्वरला उघड्या पायऱ्यांना पॉलिश केलेला हा दगड लावणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडलंय.

आणि दहा टक्के फरशी जास्तीची घेऊन ठेवा, कारण तसाच दुसरा तुकडा मिळत नाही. गोडोलीच्या मालकांनी "कशाला उगाच" म्हणून घेतली नव्हती. दारातल्या अर्ध्या अमोनाइटवर आता पायपुसणं असतं.